शिरोडा-रेडी पट्ट्यातली बंद खाणीवरची सकाळची फेरी : जाऊन आलो, जरा सविस्तर लिहितोय

मार्चच्या पहिल्या रविवारी आम्ही घरची सहा माणसं गेलो होतो, मी, आमची ही, धाकटा भाऊ, त्याची सून आणि दोन नातवंडं. आमच्या वेंगुर्ला तालुक्यात रेडीच्या बाजूला लोखंडाच्या खाणी जुन्या, रेडीचा द्विभुज गणपतीसुद्धा १९७६ साली खाणीच्या मातीतच सापडला. तर त्या पट्ट्यात बरीच वर्षं बंद पडून राहिलेली एक खाण आहे, तिथे गावातल्या चार पोरांनी आणि बचत गटाच्या बायकांनी मिळून सकाळची फेरी सुरू केलीय. साडेतीन तास चालायचं, पक्षी-झाडं-जनावरांच्या खुणा बघायच्या, खाण कशी होती ते ऐकायचं, शेवटी नाश्ता. माणशी ६०० रुपये, बारा वर्षांखालच्यांना निम्मे. एका वेळी आठच माणसं घेतात आणि ते खरंच पाळतात, आमच्यासमोर गोव्याकडून आलेल्या चौघांना पुढच्या रविवारची वेळ दिली, जास्तीचे पैसे मिळत असताना. हे मला फार आवडलं.

पाचातले साडेचार देईन. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मी हे नुसतं पाहुणा म्हणून लिहीत नाहीये. गाव माझं इथलंच पण नोकरी सगळी चंद्रपूर जिल्ह्यात झाली, ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खणतात तसल्या कोळसा खाणीत सर्व्हेला होतो, ३१ वर्षं. जमीन खणताना खड्डा मोजायचा आणि खणून वर काढलेला ढिगारा मोजायचा, हेच काम. त्यामुळे भाऊ म्हणाला की खाणीचं जंगल झालंय, बघायला चल, तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, झालंय की केलंय? त्याला प्रश्नच कळला नाही. पण खाणीत काम केलेल्या कोणालाही विचारा, या दोन शब्दांत पंचवीस वर्षांचा फरक असतो.

सकाळी सव्वासहाला पारापाशी जमायचं. गाइड मुलगा तिशीच्या आतला, त्याचे वडील याच खाणीवर डंपर चालवायचे, जुन्या हॉल रोडवरून आत नेतो. हॉल रोड म्हणजे डंपरचा रस्ता, दोन डंपर एकमेकांना ओलांडून जातील इतका रुंद, आता त्याच्या दोन्ही बाजूंनी करवंद नि धायटी आत घुसलीय आणि मधे माणसाच्या पायाएवढी वाट उरलीय. धायटी फुललेली होती, लालभडक, आणि त्यावर शिंजीर एवढे की नातीने मोजायचं सोडून दिलं. पहिली पंधरा मिनिटं पोरगा काहीच बोलला नाही, फक्त हाताने दाखवत होता. ही पद्धत चांगली आहे, बरेच गाइड पहिल्या मिनिटापासून भाषण सुरू करतात.

मग पहिला ढीग आला आणि तिथे माझं त्याच्याशी जरा वाजलं, म्हणजे भांडण नाही, चर्चा. ढिगावर आकेशिया एका रांगेत उभा, उंच, हिरवागार, आणि तो म्हणाला, 'बघा, खाण बंद झाल्यावर निसर्गाने आपोआप जंगल केलं.' मी म्हटलं बाबा रे, आधी हे झाड बघ. ही ऑस्ट्रेलियन बाभूळ रांगेत उभी आहे म्हणजे कोणीतरी लावलीय, आणि खाली बघ, पाल्याचा वीतभर थर आहे पण त्यातून एक रोप वर आलेलं नाही. गुरं खात नाहीत, फळ पाखराच्या फारसं उपयोगाचं नाही. लांबून फोटोत जंगल दिसतं एवढंच. पोरगा चांगला, त्याने ते मनावर घेतलं नाही, उलट म्हणाला काका पुढच्या ढिगाजवळ चला, तो तुम्हाला आवडेल. आणि तो आवडलाच.

दुसरा ढीग खाणीच्या दक्षिणेला आहे. इथे कोणी आकेशिया लावला नाही, इथे झालं असं की खाण चालू असताना वरची माती, म्हणजे जांभ्यावरची जी काय थोडीशी काळी-तांबडी माती असते ती, याच बाजूला आणून टाकली आणि ती तशीच मोकळी राहिली, तिच्यावरून कोणी डोझर फिरवला नाही. त्या मातीत आता ऐन आहे, किंजळ आहे, चांदाडा, भोमा, अटक, काजरा, खाली रानमोडी आहे पण तिलाही सावलीने दाबलीय. एका ठिकाणी मी हाताने पाला बाजूला केला तर खाली काळी माती होती, बोटभर जाड, गांडुळाच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या, आणि त्यात पांढरे धागे पसरलेले, बुरशीचे. मी ती माती नातवाच्या हातावर ठेवली, वास घे म्हटलं. पावसाच्या पहिल्या सरीचा वास होता, मार्च महिन्यात.

हे बघून मला जे वाटलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. कोळशावरची जी माती-दगड काढतात तिला आम्ही ओबी म्हणायचो, ओव्हरबर्डन. टनभर कोळशामागे कितीतरी घनमीटर ओबी निघते, तिचे डोंगर होतात, त्यांना डंप म्हणतात. नियम असा की टॉपसॉइल, म्हणजे वरची जिवंत माती, आधी वेगळी काढायची, वेगळी ठेवायची, डंपचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, पायथ्याला भिंत, भोवती गटार, आणि मग वर ती टॉपसॉइल पसरून झाडं लावायची. कागदावर हे सगळं असतं. मी ज्या खाणीवर होतो तिथे सुरुवातीच्या काळात टॉपसॉइल एका कोपऱ्यात तीन मजली घराएवढा ढीग करून ठेवली आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली. माती अशी उंच ढीग घालून ठेवली की आतली हवा संपते, गांडूळ जातं, बुरशी जाते, बियाणं मरतं, मग ती नुसती लाल पावडर उरते. नंतर ती पसरली आणि त्यावर हजारो रोपं लावली, रजिस्टरात आकडा गेला, दुसऱ्या पावसात घळी पडून निम्मी वाहून गेली. मी त्या घळी मोजल्यात, माझ्या हाताने, लेव्हल लावून. पुढे एका डंपवर एका चांगल्या साहेबांनी ताजी माती काढली की त्याच आठवड्यात पसरायला लावली, अर्धा मीटर, दाबली नाही, रोपंही लावली नाहीत, आणि जुलैमध्ये त्यावर आपोआप गवत आलं, मग बोर, मग पळस. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, झाडं नंतर लावा, आधी माती जिवंत ठेवा.

अमेरिकेत तर १९७७ साली कायदाच झाला की कोळसा काढून झाल्यावर जमीन पूर्ववत करून द्यायची, आणि कंपन्यांनी ती डोझरने इतकी चोपून सपाट केली की त्यात झाडाचं मूळ शिरेना, वर्षानुवर्षं तिथे नुसतं गवत राहिलं. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं की वरची चार फूट माती मोकळी ठेवा, दाबू नका, तेव्हा कुठे झाडं धरायला लागली. इथे आमच्या या ढिगावर तेच झालं, कोणी ठरवून केलं नाही, पण मातीला दाबलं नाही आणि कुठे नेली नाही म्हणून ती वाचली. मी हे सगळं त्या पोराला चालता चालता सांगितलं आणि त्याने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं, पुढच्या फेरीला सांगेन म्हणाला. ही शिकायची तयारी असलेला गाइड मला दहा पुस्तकी गाइडांपेक्षा बरा वाटतो.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते. जुन्या खाणीचा उभा कापलेला कडा आहे, वर जांभा आणि खाली शेडी, ती मऊ पिवळट-पांढरी माती. त्या शेडीत वेड्या राघूंनी भोकं पाडलीयत. आम्ही साधारण तीस फुटांवर वेताच्या चटयांच्या आडोशामागे बसलो, तिथे पोरांनी बाक केलाय. एक राघू भोकाच्या तोंडाशी चिकटला, चोचीने दोन-तीन टोले दिले, मग आत गेला आणि आतून पायांनी माती मागे उडवायला लागला, पिचकारी उडावी तशी, भोकाच्या खाली कड्यावर मातीचा पंख्यासारखा डाग पडलेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीचं टोक पांढरंफेक झालेलं. दुसरा समोरच्या वाळक्या फांदीवर चतुर धरून बसलेला, तो चतुर त्याने फांदीवर आपट आपट आपटला, मग मादीला दिला. नातीने श्वास रोखून धरला होता, मी तिच्याकडेच बघत होतो अर्धा वेळ. खणायच्या शॉवेल मशीनने ज्या दिवशी हा कडा कापला असेल त्या दिवशी कोणाच्या मनात आलं असेल का की इथे घरं होणार आहेत.

त्याच कड्याच्या दुसऱ्या टोकाला शृंगी घुबडाची जागा आहे, ते तिथे नेत नाहीत, विणीच्या दिवसांत तर नाहीच, लांबून दुर्बिणीतून दाखवतात. तसंच खवले मांजर. नातू हट्टाला पेटला की बीळ दाखवा, पोराने सरळ सांगितलं, 'बीळ आसा, पण खय आसा ता मी माज्या बापाशीकय सांगणंय नाय.' खवल्यांसाठी चोरटे मारतात त्याला, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. याला मी वेगळे मार्क दिले.

खड्ड्यात पाणी आहे, दोन तळी. मोठं तळं खोल, निळंहिरवं, त्यात अडई बदकं पन्नासेक, वारकरी, टिबुकल्या ही पाणपाखरं, आणि वरून एक काकण, म्हणजे समुद्री गरुड, फेरी मारून गेला, समुद्र जवळ असल्याचा हा फायदा. काठावर उदाची, म्हणजे पाणमांजराची, आमच्याकडे हूद म्हणतात त्याची, विष्ठा होती, माशाचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे दिसत होते त्यात. म्हणजे पाण्यात मासे आहेत. माझ्या पिशवीत सवयीने पीएचच्या पट्ट्या असतात, बुडवून बघितली, साडेसहाच्या जवळपास रंग आला, म्हणजे पाणी फारसं आंबट नाही. कोळशाच्या खाणीत असं होईलच असं नाही, कोळशाबरोबर गंधकाची खनिजं असतात, ती हवा-पाण्यात उघडी पडली की आम्ल तयार होतं. जर्मनीत लाउसित्झ म्हणून भाग आहे, तिथे लिग्नाइटच्या खाणींची मोठमोठी तळी केली, पण कित्येक तळ्यांचं पाणी इतकं आंबट की जहाजातून चुना सोडावा लागतो. आमच्या लोखंडाच्या खाणीचा त्रास वेगळा, इथे आंबटपणापेक्षा गाळाची भीती. लाल गाळ एकदा कुणग्यात उतरला की भाताची जमीन जाते, विहीर जाते. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यात कळण्याला खाणीत साठलेलं पाणी फुटून गावात घुसलं होतं ते कोण विसरेल. त्यामुळे खाणीतलं तळं छान दिसतं म्हणून फोटो काढून जाऊ नका, त्याचा काठ कोण सांभाळतं हे विचारा.

आणि इथेच तो अर्धा मार्क गेला. मोठ्या तळ्याचा पूर्वेकडचा काठ उभा तुटलेला आहे, तीस-चाळीस फूट सरळ खाली पाणी, आणि तिथे कुंपण नाही, नुसती नायलॉनची दोरी बांधलीय गुडघ्याएवढ्या उंचीवर. पोरगा सावध आहे, आम्हाला म्हणाला, 'काकानू, हयसर पाय ठेवू नकात, माती अजून बसाक नाय,' आणि स्वतः मुलांच्या आणि काठाच्या मधे उभा राहिला. पण एका माणसाच्या सावधपणावर असं सोडता येत नाही. काठापासून दहा फूट आत दगडी गडगा घाला, जांभ्याचे चिरे तिथेच पडलेत, चिरेबंदी गडगा घालणारी माणसं गावात आहेत. मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहितोय. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी तोवर हात सोडू नये.

दुसरं, त्यांच्यातल्या एका पोराने मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून पक्षी बोलावला. विणीच्या दिवसांत हे करू नका रे. पक्ष्याला वाटतं आपल्या जागेत दुसरा आला, तो खाणं-पिलं सोडून धावत येतो. सांगितल्यावर लगेच बंद केलं. दुर्बिणी दोनच आहेत आठ जणांत, घरी असेल तर आपली न्या. बाथरूमची सोय पारापाशीच, आत काही नाही, बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी हे लक्षात ठेवून निघावं.

नाश्ता थोडक्यात सांगतो कारण तो वाईट असणं शक्यच नव्हतं. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, वरून ओलं खोबरं, गुळाचा चहा. शेवटी शिरवाळे नि गुळ-नारळाचा रस, गोड हवं असेल त्यांना. मांडवाखाली बसलो होतो आणि तिथे त्या गाइडचे वडील आले. मी कुठे होतो ते कळल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आम्ही अर्धा तास डंपरबद्दलच बोललो, किती टनी, टायर किती दिवस टिकायचे, पावसात हॉल रोडवर कशी घसरण व्हायची. मग ते समोरच्या झाडीकडे हात करून म्हणाले, 'ह्यो डोंगर आमीच घातलव, आता माजो झील तो लोकांका दाखयता.' मला त्यावर काही बोलता आलं नाही. माझ्याही हातचे डोंगर आहेत तिकडे चंद्रपूरला.

त्या डोंगरांवर आता वाघ राहतात, हे इथल्या लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. चंद्रपूरला जुन्या डंपांवर वेडी बाभूळ दाट माजलीय, तिच्यात रानडुक्कर आणि रोही येतात, त्यांच्या मागे वाघ-बिबटे येतात, पलीकडे ताडोबाचं जंगल लागूनच आहे. ऐकायला छान वाटतं पण डंपच्या पायथ्याशी लोकांची घरं आहेत, पहाटे बाहेर पडणारी माणसं आहेत, आणि तिथे माणसं गेलीयत. म्हणून नुसतं सोडून दिलेली खाण आणि सांभाळलेलं राखीव क्षेत्र यांना एक समजू नका. सोडून दिलेल्या जागेत जनावर येतंच, पण तिथे कोण कधी कुठून जाणार, गुरं कुठे चरणार, दिवे कुठे हवेत हे ठरवणारं कोणी नसतं.

सांभाळलेलं कसं असतं ते मी एकदा बघितलंय. मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने मुद्दाम सेंट एडन्सला नेलं, बाबांना खाण दाखवते म्हणाली. ती ओपनकास्ट कोळसा खाण होती. मार्च १९८८ मध्ये शेजारची एअर नदी काठ फोडून खाणीत शिरली, सगळी खाण बुडाली, मग नदी-कालवा बाजूला वळवून, पाणी उपसून उरलेला कोळसा काढला आणि नंतर ती जागा पक्ष्यांसाठी तयार केली. आता तिथे आरएसपीबी ही पक्षी संरक्षणाची संस्था बघते, साडेतीनशे हेक्टरच्या आसपास जागा, बोरूची बेटं, पाणथळ, गवताळ उतार, आणि आत जायला तिकीट नाही, गाडी लावायचे तेवढे पैसे. लोक कुत्री घेऊन, बाबागाडी घेऊन, म्हातारी माणसं काठी घेऊन फिरतात. बिटर्न म्हणून बगळ्याच्या जातीचा पक्षी आहे, बोरूत लपून बसतो, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा आवाज काढतो, तो मी ऐकला.

पण माझे पाय खिळले ते फाटकापाशी. तिथे खाणीची जुनी ड्रॅगलाइन, म्हणजे दोरांनी बादली ओढून खणणारं यंत्र, तशीच उभी ठेवलीय, ऑडबॉल म्हणतात तिला, बाराशे टनांच्या आसपास वजन, पायांनी चालणारं मशीन. आणि त्या मशीनच्या लोखंडात पिंगळा घुबडं राहतात. मुलगी म्हणाली बाबा तिसऱ्या पत्र्याच्या खाली बघा, बघितलं तर पिंगळा ऊन खात बसलेला, डोळे अर्धे मिटून. मी आयुष्यभर ज्या आवाजात काम केलं त्या आवाजाच्या पोटात पाखरू झोपलेलं. तिथल्या फलकावर खाणकामगारांबद्दलही लिहिलंय, खाण पुसून टाकलेली नाही. आमच्या या फेरीतही जुना क्रशरचा सांगाडा आणि वजनकाटा ठेवलाय ते बघून बरं वाटलं, तो भंगारात घालू नका एवढी विनंती मी केली.

आता या जागेचं पुढे काय, हा प्रश्न मी त्यांना विचारला आणि त्यांच्याकडे उत्तर अजून नाही. आज ते मालकाच्या तोंडी परवानगीवर चालतात. उद्या कोणी म्हणालं प्लॉट पाडायचेत, की सगळं गेलं, राघूंसकट. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने दोन सोयी आहेत, सरकारी जमीन असेल तर संवर्धन राखीव आणि खाजगी किंवा गावकीची असेल तर समुदाय राखीव. दोन्हींत गावाचं म्हणणं ऐकायची समिती असते, गावाला बाहेर काढत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात तिलारी संवर्धन राखीव २०२० साली झालं, साडेएकोणतीस चौरस किलोमीटर. शिवाय जानेवारी २०२० मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खाणकाम संपलं की लीजवाल्याने त्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवून द्यायचं, चारा नि झाडं-जनावरं तिथे राहतील अशी करायची. कोळशात तर २००९ पासून माइन क्लोजर प्लॅन, म्हणजे खाण बंद करायचा आराखडा, लागतो, ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख रुपये, तेही त्या वेळच्या भावाने, एस्क्रो म्हणजे राखून ठेवलेल्या खात्यात बाजूला ठेवावे लागत. म्हणजे हे मागणं काही जगावेगळं नाही. ग्रामसभेत ठराव घ्या, वन खात्याकडे द्या, मी बसून अर्ज लिहून देईन म्हटलं. वायंगणीला कासवांच्या घरट्यांसाठी गाव उभं राहिलं ना, लोक बघायला येतात, घराघरांत जेवतात. मग खाणीला का नाही.

काही जण म्हणतील की खाणवाल्यांना हे आयतं कारण मिळेल, आधी डोंगर फोडा मग वर पक्षी दाखवा. ही भीती खरी आहे आणि मीही ती बाळगतो. जुनं जंगल फोडून झालेलं हे जंगल त्याची बरोबरी करत नाही, दुसऱ्या ढिगावर मी जेमतेम वीसेक जातींची झाडं मोजली, पलीकडच्या देवराईत अर्ध्या गुंठ्यात तेवढी मिळतील. म्हणून जी खाण झालीच आहे, बंद पडलीच आहे, तिथे हे करा, नवीन फोडायला हे दाखवू नका. हे त्या पोरांनीही फेरीच्या शेवटी स्पष्ट सांगितलं, स्वतःहून, त्याबद्दल त्यांचं खास कौतुक.

जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल राघूंसाठी, डिसेंबर-जानेवारी पाणपक्ष्यांसाठी. पावसात बंद असतं आणि ते योग्यच आहे, उतार घसरतो. पायात बूट घाला, चप्पल नको, जांभ्याचे खडे टोचतात. बुकिंग पारासमोरच्या दुकानात आदल्या दिवशी नाव सांगून होतं, पैसे बचत गटाच्या ताई घेतात, पावती देतात. पाण्याची बाटली प्लास्टिकची नेऊ देत नाहीत, तांब्याचे गडू तेच देतात.

उत्तरेकडचा एक उतार अजून बोडका आहे, गेल्या पावसात त्यावर चार घळी पडल्यात, त्यातली एक थेट खालच्या कुणग्याच्या दिशेने चाललीय. तिथे समतल चर खोदायचे ठरलेत, चरांत दुसऱ्या ढिगावरची दोन-दोन घमेली माती आणि किंजळ-ऐनाचं बी, आकेशिया नाही. मिरगाच्या आधीचा रविवार धरलाय. माझी समतल मोजायची जुनी डंपी लेव्हल माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय, रेषा मी आखून देणार. कोणाला यायचं असेल तर सकाळी सहाला पारापाशी या, येताना घरची कुदळ आणा, तिकडे दोनच आहेत.